ट्रान्समीटर ठणठणीत, पण पाचशेवर मुका

१ फेब्रुवारी १९९९ पासून जीएमडीएसएस, म्हणजे मोर्सची गरज नसलेली जहाजांची नवी संकटसंदेश यंत्रणा, पूर्ण लागू झाली आणि आम्हा रेडिओ ऑफिसरांची जातच संपली, खलाशी ज्यांना मार्कोनी साब म्हणायचे ते आम्ही. त्याच्या बऱ्याच आधीची गोष्ट.

भर पावसाळा, अरबी समुद्र, जुनं जहाज, वाल्व्हचा कपाटाएवढा ट्रान्समीटर. दुपारी १२ मेगाहर्ट्झवर किनाऱ्यावरच्या बॉम्बे रेडिओला ट्रॅफिक, म्हणजे जहाजाचे संदेश, दिलं, काही त्रास नाही. अंधार पडल्यावर सायलेन्स पिरियड होता. दर तासाच्या १५ ते १८ आणि ४५ ते ४८ या मिनिटांत ५०० किलोहर्ट्झवर, म्हणजे मोर्सच्या संकटाच्या फ्रिक्वेन्सीवर, सगळ्यांनी गप्प बसून फक्त ऐकायचं, रेडिओरूमच्या घड्याळावर तेवढा भाग लाल रंगवलेला असायचा. त्यात एक बारीक एसओएस आला, पोझिशन कडकडाटात गेली, कॉलसाइनची (जहाजाच्या रेडिओवरच्या ओळखीची) पहिली दोन अक्षरं तेवढी हाती लागली. परत विचारावं म्हणून मोर्सची की दाबली तर एरियल करंटचा, म्हणजे तारेत किती करंट जातो ते दाखवणारा, काटा हलायला तयार नाही!

इमर्जन्सी सेट लावला, तोही मुका. दोन्ही सेट एकदम मरत नाहीत, म्हणजे दोघांत कॉमन काय तर एरियल. बाहेर जाऊन बघतो तर डेक इन्सुलेटरवर, म्हणजे एरियलची तार आत येते तिथल्या चिनीमातीवर, मिठाचा आणि फनेलच्या (धुरांड्याच्या) काजळीचा थर, ज्युनिअरला की दाबायला लावलं तर त्यावरून निळ्या ठिणग्या नुसत्या पळतायत. ५०० ला वेव्हलेंग्थ ६०० मीटर, आपली तार त्यापुढे चिमुकली, त्यामुळे तिच्या बुडाशी हजारो व्होल्ट चढतात आणि ओल्या मिठातून सगळं जहाजाच्या लोखंडात उतरतं. १२ मेगाला एवढं जाणवत नाही, म्हणून दुपारी सगळं झकास वाटलं. ब्रिजवर मात्र सेट गेला, कंपनीला नवीन मागा असं सुरू झालेलं. या लोकांना पेटी दिसते, डोक्यावरची तार दिसत नाही.

रत्नागिरीचे सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, गोड्या पाण्याची बालदी घेऊन आले. "साहेब, करंट काढलाव ना?" म्हटलं फ्यूज माझ्या खिशात आहेत, तुम्ही घासा बिनधास्त. बोट हेलकावे खातेय आणि हा माणूस एका हाताने रेलिंग धरून चिनीमाती चकचकीत करतोय. फ्यूज घातले, काटा झपकन सहा अँपियरच्या आसपास.

तोवर दुसऱ्या एका मोठ्या जहाजाने कुणाला तरी आरआरआर एसओएस, म्हणजे एसओएस मिळाल्याची पोच, देऊन मदतही वळवली होती. पण त्यांनी पोच दिलेल्या जहाजाचा कॉलसाइन माझ्या दोन अक्षरांशी जुळत नव्हता. मी ते कळवलं, पुढचे सगळे सायलेन्स पिरियड कान लावून बसलो, काही नाही. सिनिअर म्हणाले स्टॅटिकमध्ये (हवेतल्या विजेच्या खरखरीत) होतं असं. असेल. पण एसओएसमध्ये कॉलसाइन तीनदा द्यायचे आणि मला त्यातला दोनदा ऐकू आला, दोन्ही वेळा अक्षरं तीच होती.