टाचणवहीच्या मागच्या पानावर

सोमवार

शिक्षकाच्या टाचणवहीच्या पुढच्या पानावर काय शिकवायचं ते लिहिलेलं असतं. मागच्या कोऱ्या पानावर काय झालं ते लिहायचं, पण वाक्याचा कर्ता मूल ठेवून. 'काना शिकवला' या नोंदीतून उद्याचं काहीच ठरत नाही. 'सातजण काम, नाक, लाल वाचतात; दोघे काना गाळून कम, नक म्हणतात' यातून ठरतं. दूरच्या वस्तीवर एकाच खोलीत चार इयत्ता सांभाळताना आपलं कुठे चुकतंय हे सांगायला दुसरं कुणी नसतं. पहिल्या पंधरा दिवसांत ही नोंद टोचते, कारण बहुतेक ओळी आपल्याच विरुद्ध जातात.

मंगळवार

पटावरची इयत्ता विसरून गट पाडायचे. एकेका मुलाला बाजूला घेऊन पाच मिनिटं: 5 अक्षरांपैकी 4 ओळखली तर शब्द, 5 शब्दांपैकी 4 वाचले तर चार सोपी वाक्यं. मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या, 2005 पासून चालत आलेल्या 'असर' पाहणीतली शिडीही साधारण अशीच आहे. इथे दोन गोष्टी फसतात. सगळ्यांसमोर विचारलं तर पुढच्या मुलाला ते तोवर पाठ झालेलं असतं. आणि पुस्तकातला धडा दिला तर मूल वाचत नाही, पाठ म्हणून दाखवतं. त्यामुळे कागद आपण लिहिलेला हवा आणि बोट शेवटच्या शब्दावर आधी ठेवायचं.

अक्षरगटाला क-ख-ग-घ च्या रांगेने नेऊ नये. क, न, म, ल, र आणि काना एवढ्यावर कान, नाक, मान, रान, लाल, नरम, कमाल निघतात. पहिल्या आठवड्यातच वाचल्याचं समाधान मिळतं. ब-व, भ-म, घ-ध या जोड्या एकत्र आणल्या की गोंधळ कायमचा बसतो. एक पक्कं झाल्यावरच दुसरं काढायचं.

गटांना फुलांची नावं देऊन काही लपत नाही, मुलं दुसऱ्या दिवशी ओळखतात. त्यापेक्षा दर तीन आठवड्यांनी गट मोडून पुन्हा पाडावेत.

बुधवार

52 − 27 = 35. अर्ध्या वर्गाचं हेच उत्तर. लाल फुली मारायला एक क्षण पुरतो. 'कसं केलंस?' विचारलं तर कळतं की दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलाने सातातून दोन काढले. म्हणजे नियम आहे, फक्त चुकीचा. चूक दिसली की फुलीऐवजी हा प्रश्न तोंडातून निघायला शिकवणाऱ्याला महिने लागतात.

औषध काड्यांचं. बोटाएवढ्या 100 काड्या, दहा-दहाचे गठ्ठे. गठ्ठ्याला रबर लावावं; दोरा सोडवण्यातच तास जातो. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. सात काढायच्या तर एक गठ्ठा सोडायचा: चार गठ्ठे, बारा सुट्या. त्यातून दोन गठ्ठे आणि सात काड्या बाजूला केल्या की उरतात दोन गठ्ठे, पाच काड्या. चार दिवस वही उघडायची नाही. पाचव्या दिवशी चित्र, गठ्ठ्याला उभी रेघ आणि सुट्या काडीला ठिपका. आकडे त्यानंतर. मधली पायरी गाळली की हातचा म्हणजे नुसता मंत्र होतो.

मराठी आकड्यांचा घोळ वेगळाच. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतो, म्हणून 52 लिहिलं जातं. 'एकोणतीस'मधल्या तीसमुळे 39. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या गणितात 'वीस पाच' असं वाचन आणलं तेव्हा थट्टा खूप झाली, पण त्यामागचं दुखणं खरं होतं. दोन्ही नावं शेजारी ठेवावीत आणि गठ्ठे समोर असावेत.

गुरुवार

प्रश्न विचारला की मनात एक-दोन-तीन मोजायचं. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात दाखवलं की शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि गप्प बसणारी मुलंही बोलतात. करून पाहिलं की ते तीन सेकंद किती मोठे असतात ते कळतं.

शुक्रवार

घरची बोली वेगळी असेल तर दोन रकाने: मुलाचा शब्द, पुस्तकातला शब्द. सुरुवात ये, बस, दुखतंय, तहान, बाहेर जायचंय यांपासून. मुलाचे शब्द आपण म्हणायचे; आपला उच्चार मुलांनी सुधारावा आणि हसावं. त्या दिवशी शिकणारे आपण असतो, आणि चुकताना कसं वाटतं ते आयतंच कळतं. 'तसं नाही, असं म्हण' म्हणत बोली दाबली तर मूल दोन्ही भाषांत गप्प होतं.

शनिवार

हजेरीत नुसतं 'गैरहजर' लिहू नये. कारण लिहावं: गुरं, धाकटं भावंड, शेतकाम, ताप. चार आठवड्यांत वार दिसू लागतात. त्या वारी नवा भाग काढायचा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला गुराख्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, म्हणजे मुलं जिथे, तिथे शाळा. एकट्याला तेवढं जमेलच असं नाही, पण परतलेल्या मुलाला सगळ्यांदेखत 'कुठे होतास?' न विचारता जोडीदाराकडून दहा मिनिटांत राहिलेलं दाखवून घेणं जमतं.

आणि एक रकाना आपला: आज आवाज किती वेळा चढला, किती वाजता. बहुधा तो दुपारच्या शेवटच्या तासालाच चढतो. तिथून गणित उचलून सकाळी न्यायचं आणि त्या वेळी अंगण मोजायला काढायचं, आधी पावलांनी, मग दोरीने. पावलांची उत्तरं जुळत नाहीत, त्यावर भांडण होतं, तेव्हा दोरी पुढे करायची. पावसात हे जमत नाही; तेव्हा आत बसून गोष्ट.