कराड ते कवलापूर: इंधन संपलेले विमान उतरवायचे कुठे?

कराडजवळ वारुंजीला जी धावपट्टी आहे, ती कोयना प्रकल्पाच्या काळात, 1950च्या दशकात तयार झाली आणि तिची लांबी सुमारे 1,280 मीटर आहे. फेब्रुवारीत ती कुंपणाबाहेरून पाहून मी आणि माझा भाचा गाडीने विट्यामार्गे सांगलीकडे निघालो. भाचा वैमानिकाचे प्रशिक्षण घेत असल्यामुळे रस्त्याकडेचे प्रत्येक रान तो एकाच नजरेने पाहत होता: इंधन संपून इंजिन बंद पडले, तर इथे उतरता येईल का?

कृष्णेचा पूल ओलांडताच दोन्ही बाजूंना ऊस लागला. वरून पाहणाऱ्याला ही हिरवाई सपाट वाटते, परंतु पुरुषभर उंचीच्या उभ्या उसात चाके शिरली की विमान पुढच्या पुढे उलटण्याचा धोका असतो. तोडणी झालेल्या फडात उतरायचे तर सऱ्यांच्या दिशेनेच उतरावे लागते. आडवे उतरल्यास पुढचे चाक वरंब्यात अडकते. विहिरी आणि विजेच्या तारा हा आणखी एक घोर. तार वरून दिसतच नाही, म्हणून खांब शोधून त्यांच्यामध्ये तार आहे असे धरूनच चालायचे, असे त्याने सांगितले. रस्त्यावर उतरण्याची माझी सूचना त्याने समोरच्या उसाच्या ट्रॉलीकडे बोट दाखवून निकालात काढली.

कडेपूरच्या पुढे पाणी कमी होत गेले आणि शाळूची काढलेली रानेही दिसू लागली. ही रानेच त्याला सर्वांत पसंत पडली, मात्र तालींमधले अंतर पुरेसे आहे की नाही, हे ठरवायला वैमानिकाला फार वेळ मिळत नाही. सेसना 172 हे चार आसनी विमान इंजिनाशिवाय एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे जाते. म्हणजे जमिनीपासून 3,000 फुटांवर इंजिन थांबले, तर वारा नसताना सुमारे आठ किलोमीटरचा पल्ला आणि जेमतेम चार मिनिटे हातात असतात. तेवढ्यात विमानाचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास राखायचा, वाऱ्याची दिशा पाहून रान निवडायचे, रेडिओवर तीनदा ‘मेडे’ हा संकटाचा इशारा द्यायचा आणि टेकण्यापूर्वी इंधनाची कळ बंद करून दारे किलकिली करून ठेवायची, म्हणजे सांगाडा वाकला तरी ती अडकत नाहीत.

इंधन संपतेच कसे, हा माझा प्रश्न त्याला भाबडा वाटला नाही. लहान विमानातील इंधनकाट्यावर पूर्ण विसंबून राहू नये, असे शिकवलेच जाते. म्हणून उड्डाणापूर्वी पंखावर चढून टाकीत मोजपट्टी बुडवतात. समोरून आलेला वारा, लांबलेला मार्ग किंवा साधी हिशेबाची चूकही पुरेशी होते. 23 जुलै 1983 रोजी एअर कॅनडाच्या बोइंग 767मध्ये तर इंधनकाटे बंद असताना पौंडांचा आकडा किलोचा समजला गेला आणि गरजेच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन ते उडाले. 41,000 फुटांवरून तरंगत ते कॅनडातल्या गिमली येथील बंद पडलेल्या हवाई तळावर उतरले. तिथे त्या दिवशी मोटारशर्यतीसाठी माणसे जमली होती, तरीही विमानातले 69 जण आणि जमिनीवरचे सगळे वाचले.

तासगावच्या द्राक्षबागा मला देखण्या वाटल्या. भाच्याला मात्र त्यांत लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारांचे मांडव तेवढे दिसले, आणि त्याचे खरे होते.

सांगलीजवळच्या कवलापूरची जुनी धावपट्टी वर्षानुवर्षे वापरात नाही. गिमलीची गोष्ट नुकतीच ऐकलेली असल्यामुळे मला ती टाकाऊ वाटेना. सांगलीला विमानतळ व्हावा ही मागणी जुनी आहे, परंतु तो होवो न होवो, एवढा मोकळा पट्टा अडचणीतल्या वैमानिकासाठी तरी राखून ठेवावा, असे माझे मत झाले. भाचा मात्र झुडपांकडे पाहत मान हलवत होता.

“आणि इथवर पोहोचणार नाही असे दिसले तर?” मी विचारले.

“तर नाक वर ओढून अंतर वाढवायला जायचे नाही, मामा. वेग गेला की विमान सरळ कोसळते. पट्टीचा नाद सोडायचा आणि अलीकडच्या शाळूच्या रानात चाके टेकवायची.”