नाक सत्तावन्नचं, गाडी कुठली?

जुन्या गाडीचं साल कसं ओळखायचं, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. जुन्या अमेरिकी स्टेशन वॅगनचा (सामानासाठी छत मागेपर्यंत नेलेल्या गाडीचा) फोटो पाठवून "ही कुठल्या सालची?" असं मला हमखास विचारलं जातं. फोटो बहुतेक समोरून काढलेला असतो, आणि घोळ तिथेच होतो.

पुढचा सगळा भाग नटबोल्टवर. बॉनेट, मडगार्ड, जाळी, बंपर, काही ठोकलं की उतरवायचं आणि जंकयार्डातलं दुसरं चढवायचं. सेडान आणि वॅगनचं तोंड बहुधा एकच, त्यामुळे माल मिळायचा. मागचे पत्रे नि काचा मात्र वॅगनच्याच, त्या शोधत बसण्यापेक्षा ठोकून, लांबी (पुटी) भरून भागवलेलं. पोरं, कुत्री, सामान वाहणाऱ्या गाडीचे एवढे लाड करतो कोण?

1955 ते 57 च्या शेव्हरले घ्या. सत्तावन्नच्या तोंडावर लोक फिदा, म्हणून खटपट करून ते आधीच्या बॉडीवर बसवलेलंही दिसतं. अशा वेळी मी पुढच्या काचेच्या बुडाशी बघतो. पंचावन्न-छप्पनला हवा आत घेणारी झडप तिथे आहे. सत्तावन्नला ती वाट हेडलाइटच्या वर नेली. नाक सत्तावन्नचं आणि काचेखाली झडप, म्हणजे बॉडी आधीची. मग डाव्या बाजूने मागे जायचं. पंचावन्नला पेट्रोलचं झाकण उघड दिसतं, छप्पनला ते टेललाइटच्या मागे लपवलंय, सत्तावन्नला शेपटाच्या क्रोम पट्टीमागे. हे लपवाछपवीचं काम मला आजही भारी वाटतं.

साठच्या दशकातल्या गाड्यांना आणखी एक खूण. 1968 पासून अमेरिकेत बाजूचे दिवे किंवा रिफ्लेक्टर सक्तीचे झाले. मालक सदुसष्टची म्हणतोय आणि मडगार्डला बाजूचा दिवा आहे, तर मडगार्ड कुठून आलं ते विचारा.

इंजिनवर विसंबू नका, ते तर सर्रास बदललेलं. शेव्हरलेच्या ब्लॉकवर ओतकामाची तारीख असते, पण सालाचा शेवटचा आकडाच. 7 म्हणजे 57 की 67, तुम्हीच ठरवा! या तीन सालांच्या शेव्हरलेत ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर नंबरची पट्टी असते, फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) बॉडीची वेगळी. दोन्ही जुळल्या आणि पट्टी ठोकलेले रिव्हेट छेडलेले दिसले नाहीत, तर मी साल सांगतो.

तेव्हा पुढच्या वेळी तोंडाचा फोटो नको. काचेचं बूड, डावं शेपूट आणि त्या दोन पट्ट्या पाठवा.