आमची वाटचाल : तपकीर गल्लीतलं टेबल आणि डीबी स्पेक्ट्रम प्लस

पुण्यात तपकीर गल्लीत आमचं दुकान म्हणजे टेपरेकॉर्डर आणि ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं एक टेबल. कॅसेटचा जमाना ओसरला तसं काम आटत गेलं. त्या दिवसांत गणिताचे एक निवृत्त सर कापडी पिशवीतून एक काळं, चपटं यंत्र घेऊन आले. म्हणाले, "अहो, हे टेपला जोडून चालतं, म्हणून तुमच्याकडे आणलं."

ते यंत्र म्हणजे डीबी स्पेक्ट्रम प्लस, घरी वापरायचा छोटा संगणक. इंग्लंडच्या सिंक्लेअर कंपनीचा स्पेक्ट्रम १९८२ चा, प्लस १९८४ चा. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन तो भारतात काढला. ४८ किलोबाइट (के) रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, पडदा म्हणून घरचा टीव्ही आणि प्रोग्राम साठवायला साधी कॅसेट.

ते पहिलंच यंत्र माझ्या हातून जळलं. त्याला ९ व्होल्ट लागतात, पण प्लगच्या आतली बाजू ऋण. मी नेहमीचा ॲडॅप्टर लावला, त्याची आतली बाजू धन. क्षणात जळका वास आला. सर रागावले नाहीत, त्यामुळे मला जास्तच लागलं. चिप्स मिळवून ते यंत्र उभं करायला कित्येक महिने गेले. रविवारी आणि बुधवारी जुन्या बाजारात फेऱ्या मारायची सवय तेव्हाचीच.

सगळं घोडं रॅमपाशी अडतं. खालच्या १६ के साठी ४११६ जातीच्या आठ चिप्स असतात, त्यांना ५, १२ आणि उणे ५ असे तीन व्होल्टेज लागतात. उणे ५ गेलं की चिप्सही जातात. वरच्या ३२ के मधली गंमत मला अजून थक्क करते. तिथे पुष्कळ बोर्डांवर ६४ के च्या, पण अर्धा भाग सदोष निघालेल्या चिप्स बसवल्या आहेत. कुठला अर्धा चांगला, ते बोर्डावरच्या एका तारेने ठरवलेलं असतं. तशा चिप्स आता सहज मिळत नाहीत, म्हणून आम्ही अख्ख्या ४१६४ लावतो. त्या पिनला पिन बसतात.

यंत्र चालू झालं म्हणजे सगळं चालेलच, असं मात्र नाही. एका ताईंनी "कीबोर्ड बिघडलाय" म्हणून यंत्र परत आणलं. बेसिकमध्ये, म्हणजे यंत्रातल्याच प्रोग्रामिंगच्या भाषेत, प्रत्येक कळ उठत होती, पण त्यांच्या एका जुन्या गेममध्ये एकही नाही. दोन दिवस मी मेम्ब्रेनच, म्हणजे कळांखालचा संपर्काचा पातळ पडदा, तपासत बसलो. दोष गेमचा होता. कळांची स्थिती यंत्र एका बाइटमध्ये, म्हणजे आठ बिटांत देतं, त्यातले कळांसाठी पाचच बिट वाचायचे असतात, त्या गेमने अख्खा बाइट वाचला होता. सुरुवातीच्या बोर्डांवर ते खपून जायचं. नंतरच्या बोर्डांत टेपच्या इनपुटचा बिट वेगळा येऊ लागला आणि असे गेम मुके झाले. तेव्हापासून बिलावर बोर्डाची आवृत्ती लिहून देतो.

सरांच्या कॅसेट शेवटी आमच्याच डेकवर लोड केल्या. हेडजवळचा बारीक स्क्रू पाव फेरा फिरवला, आवाज तीक्ष्ण झाला आणि टीव्हीच्या कडांवर लाल-आकाशी, मग निळ्या-पिवळ्या पट्ट्या धावू लागल्या. मुलांसाठी लिहिलेला पाढ्यांचा प्रोग्राम उघडला. सरांनी खुर्ची पुढे ओढली आणि १७ चा पाढा मागितला.

आता बंद पडलेली यंत्रंही आम्ही विकत घेतो. यूएलए, म्हणजे चित्र, कळा आणि टेप सांभाळणारी या यंत्राची खास चिप, मिळवायची तर बहुतेक वेळा त्यांच्यातूनच. काढलेली प्रत्येक जुनी चिप पाकिटात घालून मालकाला परत देतो.