चिलटाचं बारसं

"एवढ्याशा चिलटाला नाव ठेवायला चार वर्षं?" मामीनं विचारलं. मला सापडलेल्या चिलटाच्या नव्या जातीला शास्त्रीय नाव देण्याबद्दल ती बोलत होती. नावं ठेवायची तर ती दोन मिनिटांत सगळ्या गल्लीला ठेवते, त्यामुळे तिचं आश्चर्य खरंच होतं.

सुरुवात तिच्याच सुपातून झाली. मामाचं घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं. आषाढात मामी परसातल्या ओंडक्यावरची अळंबी निवडत बसली होती आणि किडकी तेवढी बाजूला फेकत होती. मी ती उचलून बरणीत ओल्या वाळूवर ठेवली, तोंडाला मलमलचं फडकं बांधलं. अळ्या अळंबी खाऊन वाळूत शिरल्या आणि काही दिवसांनी फडक्याच्या आतून चिलटं दिसायला लागली. पाठीला कुबड, लांब मांड्या, चिमटा जवळ नेला की टुणकन उडी. वंश मायसेटोफिला, म्हणजे अळंबीवर वाढणाऱ्या चिलटांचा एक गट, हे पंखाच्या शिरांवरून त्याच संध्याकाळी कळलं. भीमगड अभयारण्य तिथून लांब नाही, पण आत शिरून किडे धरायचे तर वनखात्याची परवानगी लागते. माझी शिकार मामाच्या परसातली, म्हणून ते टळलं.

वंश कळणं सोपं. जात कळायची तर नर लागतो. या वंशात कितीतरी जाती बाहेरून सारख्याच दिसतात, फरक असतो तो नराच्या पोटाच्या टोकाला असलेल्या चिमट्यासारख्या जननांगात. ते टोक कापायचं, कॉस्टिक पोटॅशच्या दहा टक्के द्रावणात मांस विरघळू द्यायचं, धुऊन ग्लिसरीनच्या थेंबात ठेवायचं आणि त्याच्यावरचा केस न् केस काढायचा. माझ्याकडं चारच नर होते. पहिल्याचं टोक, मोहरीच्या दाण्याहून लहान, मी सुईच्या टोकावर उचललं आणि त्याच क्षणी माझ्या मुलानं पंखा लावला. दोन तास मी फरशीवर ओणवा होतो. सापडला तो साखरेचा दाणा.

उरलेल्या तिघांचं जननांग एकसारखं निघालं आणि मला मिळालेल्या कुठल्याच चित्राशी जुळेना. इथं बहुतेकांना वाटतं की झालं, नवी जात सापडली. नवीन आहे असं म्हणायला आधीच्या सगळ्यांपेक्षा वेगळी आहे हे दाखवावं लागतं, आणि खरा वेळ तिथंच जातो. भारतातल्या या किड्यांवर ब्रुनेटी नावाच्या कीटकतज्ज्ञानं 1912 साली लिहिलं, पण त्या काळच्या वर्णनांत भर मुख्यतः रंगावर आणि पंखांवरच्या डागांवर. जननांगाचं चित्र बहुतेक ठिकाणी नाहीच. मग मूळ नमुना बघण्याला पर्याय उरत नाही. एका जुन्या संग्रहात मी तसला नमुना पाहिला. पाय तुटलेले आणि पोटावर बुरशीचा थर. आयुष्यभर बुरशी खाल्लेल्या किड्याला शेवटी बुरशीनं खाल्लं! सुदैवानं त्याच्या पंखावरचा डाग माझ्या किड्याहून इतका वेगळा होता की पोट बघायची गरज पडली नाही.

आता लेबल. शोधनिबंधाच्या पंधरा पानांपेक्षा त्या नखाएवढ्या कागदानं मला जास्त छळलं. मी आधी नुसतं 'खानापूर' लिहिलं होतं. मित्र म्हणाला, कुठलं खानापूर? सांगली जिल्ह्यातही खानापूर तालुका आहे, विट्याचा, कोरडा. तिथं हे चिलट शोधायला गेलेला माणूस मला शिव्या घालत परतला असता. म्हणून राज्य, जिल्हा, तालुका, गाव, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, सगळं हवं. मामानं भिंगातून ते वाचलं आणि 'कर्नाटक' या शब्दावर थांबला. मामा 1 नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापनादिनी, अजून काळी फीत लावतो.

"हे बी लिवायला लागतंय काय गा?"

मी म्हटलं, मामा, हाच किडा तुझ्या आज्यानं धरला असता तर लेबलवर मुंबई इलाखा आला असता. 1956 नंतर म्हैसूर, 1973 नंतर कर्नाटक. 2014 पासून जिल्हासुद्धा बेळगावचा बेळगावी झाला. ओंडका मात्र परसातनं हललेला नाही. मामा काही बोलला नाही. त्याचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही.

निबंध पहिल्यांदा परत आला. परीक्षकाला डीएनए बारकोड हवा होता, म्हणजे सीओआय नावाच्या जनुकाचा साधारण 658 अक्षरांचा तुकडा. मागणी रास्त होती. पण माझे नमुने पातळ स्पिरिटमध्ये दोन वर्षं खोलीच्या उन्हाळ्यात पडून होते, त्यांतून काही निघालं नाही. पुन्हा आषाढ, पुन्हा मामीचं सूप, पुन्हा बरणी. या खेपेला 95 टक्के अल्कोहोल आणि मामीच्या फ्रिजमध्ये लोण्याशेजारची जागा. त्याबद्दल तिनं मला जी नावं ठेवली ती झूबँकमध्ये नोंदवता येण्यासारखी नव्हती.

झूबँक म्हणजे प्राण्यांच्या नावांची नोंदवही. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या निबंधाची तिथं नोंद नसेल तर त्यातलं नाव धरलं जात नाही. शिवाय 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नव्या जातीचा नमुना सरकारनं नेमलेल्या संग्रहात द्यावा लागतो. ते झटपट झालं.

नावाचं मात्र घरात राजकारण झालं. वंश स्त्रीलिंगी, त्यामुळे विशेषण दिलं तर तेही स्त्रीलिंगीच हवं. मामाचं नाव दिलं तर शेवटी 'आय' लागतो, मामीचं दिलं तर 'एई'. स्वतःचं नाव द्यायला नियमाची आडकाठी नाही, पण लोक हसतात. काय ठरलं ते इथं लिहीत नाही. निबंध अजून छापून यायचा आहे, आणि वर्णनाशिवाय आधीच फुटलेल्या नावाला 'नोमेन नूडम' म्हणतात, म्हणजे नागडं नाव. तसलं नाव कुणी धरत नाही.

होलोटाइप, म्हणजे नाव ज्याच्यावर टिकतं तो एक मुख्य नमुना, पाठवायच्या आदल्या दिवशी मामाला बाटल्या दाखवल्या. एका पॅराटाइपच्या, म्हणजे त्याच्या जोडीच्या नमुन्याच्या, बाटलीत छापील लेबलामागं मी आणखी एक चिठ्ठी सरकवली होती, देवनागरीत: जांबोटी, ता. खानापूर, जि. बेळगाव. त्यानं ती उजेडात धरून बराच वेळ बघितली.

"पेनानं लिवलंस काय?"

"पेन्सिलीनं. पेनाची शाई स्पिरिटात जाते."

"मग बरं," म्हणाला, आणि बूच पुन्हा एकदा घट्ट केलं.