एकाच कोपीतली दोन बाळं

साखर कारखान्याच्या पट्ट्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी स्टाफ नर्स आहे. ऊसतोडीच्या हंगामात बालकक्ष भरलेलाच असतो. त्या जानेवारीतल्या सकाळी मात्र एकाच कोपीतून, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीतून, दोन बाळं आली, जावा-जावांची. दोघांनाही आदल्या दिवसापासून उलट्या-जुलाब.

थोरलीचा मुलगा अकरा महिन्यांचा. मान टाकलेली, टाळू खोल, रडत होता पण डोळ्यांत टिपूस नाही. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर वळी तशीच उभी. शीर काही मिळेना. दोन्ही हात झाले, पाय झाले. तोवर डॉक्टरांनी नाकातून नळी घालून ओआरएस सुरू केलं. शेवटी कानाच्या वर एक बारीक शीर लागली. वजन सात किलो. म्हणजे पहिल्या तासात 210 मिली आरएल, म्हणजे शिरेतून द्यायचं सलाईन, पुढच्या पाच तासांत 490. मी खाटेजवळून हललेच नाही.

धाकटीची मुलगी आठ महिन्यांची. जुलाब तिलाही होते, पण वाटीतलं ओआरएस चमच्याने घटाघट पीत होती, वर चमचाच ओढत होती.

टँकरचं पाणी तेच, चूल तीच. मी लसीकरणाची कार्डं मागितली. मुलगी मे महिन्यात आजोळी जन्मलेली. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे, रोटा या जुलाबांच्या विषाणूवरच्या लसीचे तिन्ही डोस झालेले. मुलगा फडावरच जन्मलेला. ना गावच्या यादीत नाव, ना इथल्या. कार्डच नव्हतं.

दोन बाळांवरून सिद्ध काही होत नाही, हे मलाही कळतं. लस घेतलेल्यांनाही जुलाब होतात. आपल्याकडच्या चाचणीत रोटाचे तीव्र जुलाब पहिल्या वर्षी निम्म्याहून थोडे अधिक घटले, सगळे नाही. पण 2019 मध्ये ही लस महाराष्ट्रात सरकारी लसीकरणात आली, त्याआधीचे हिवाळे मी काढलेत. एका खाटेवर दोन-दोन वाळून गेलेली बाळं असायची.

दुपारी त्याने लघवी केली. ओलं दुपटं हातात घेऊन त्याची आई रडायलाच लागली. मग म्हणाली, "सिस्टर, ह्याला आता ते थेंब चालतील का?"

चालणार होते, पण पहिला डोस वर्षाच्या आत पडायला हवा, आणि वाढदिवसाला एकोणीस दिवस उरले होते. "लशीला आणायचं तर कामाला खाडा पडंल," ती हळूच म्हणाली. मी त्यांच्या टोळीच्या मुकादमाचा नंबर मागून घेतला आणि तिच्यासमोरच फोन लावला.