बाबाचं रेझर

तीन आठवड्यांपूर्वी इथे न्यू जर्सीत पारा ९० फॅरनहाइटच्या वर गेला होता आणि माझी १४ वर्षांची लेक काळी हुडी घालून शाळेला निघाली. बाह्या पार बोटांपर्यंत ओढलेल्या. "उकडत नाही का गं?" तर "नाही" म्हणून दार ओढून गेली.

रात्री हात धुताना बाही वर गेली तेव्हा दिसलं. मनगटापासून कोपरापर्यंत लालभडक पुरळ. बाबाचं रेझर घेऊन तिने हातांवरची लव काढली होती, तीही कोरडीच. पोटात कालवलं माझ्या.

मी नेहमीचं सांगू लागले, की फोनमधले ते फोटो खरे नसतात. तिने मला मध्येच थांबवलं. "मला माहितीये गं आई. फिल्टर असतो, लाइट असतो. पण बाकीच्यांना तसंच आवडतं ना! ते माझ्या हातांकडे बघतात."

हे वाक्य डोक्यातून जाईना. शोधता शोधता मेलिसा मिल्की या समाजशास्त्रज्ञ बाईंचा १९९९ चा अभ्यास सापडला. त्यांनी इथल्या शाळांतल्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलींना मासिकांतल्या सुंदर मुलींबद्दल विचारलं होतं. असं खरं कुणी दिसत नाही, हे गोऱ्या मुलींनाही कळत होतं. तरी त्या खचत होत्या, कारण मुलगे आणि मैत्रिणी आपल्याला त्याच मापाने मोजतात असं त्यांना वाटे. कृष्णवर्णीय मुलींपैकी बऱ्याचजणींना ती चित्रं आपल्यासाठी आहेत असंच वाटत नव्हतं, आणि आपली माणसं आपल्याला त्यावरून जोखतील असंही नाही. त्यांच्या वाट्याला दुसरं दुःख आहेच. केसांच्या ठेवणीवरून भेदभाव होऊ नये म्हणून न्यू जर्सीला २०१९ मध्ये कायदा करावा लागला. पण त्या चित्रांपुरता तरी त्यांना आपल्या माणसांचा आडोसा होता.

माझ्या लेकीची आपली माणसं म्हणजे आम्ही. आणि आम्ही काय केलं? ती पाच वर्षांची असल्यापासून पोहते. "दुपारच्या उन्हात नको, काळी पडशील," हे मी किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. मी स्वतः चांगली सावळी, पण लग्नाच्या वेळी माझ्या बायोडेटात आईने 'वर्ण : निमगोरा' लिहिलं होतं. तो कागद पाहून गिळलेला आवंढा मला आजही आठवतो. तरी लेकीला मी तेच दिलं. शाळेत तिला एक माप, घरी दुसरं.

रविवारी साताऱ्याहून नणंदेचा व्हिडिओ कॉल आला. तिचं प्रेम आहे पोरीवर, खूप आहे. पण पहिलं वाक्य, "अगं, किती रापलीस!" मी फोन हातात घेतला आणि म्हटलं, "ताई, तिच्या रंगावर नका ना बोलू. कधीच नको." पलीकडे क्षणभर कुणीच बोललं नाही. मग त्या म्हणाल्या, "बरं बाई. पोहणं कसं चाललंय तिचं?" लेक जेवणाच्या टेबलापाशी मान खाली घालून बसली होती. तिने ऐकलं की नाही, कळलं नाही.

हुडी अजून सुटलेली नाही. काल रात्री मात्र मॉइश्चरायझर लावायला तिने आपणहून हात पुढे केला. पुरळ गेलंय. हात फिरवताना बोटांना नव्याने येणारी लव लागत होती, बारीक, खरखरीत. मी काही बोलले नाही, दोन्ही हातांना सावकाश चोळत राहिले.